निगा

दारावर कानडीत तीन शब्द आहेत.
मला कानडी येते बसच्या पाट्यांपुरती,
तरी बाकावर बसून अक्षर अक्षर जुळवलं:
तीव्र. निगा. घटक.
मधल्यापाशी अडखळले.

हा तर आमच्या परड्यातला शब्द.
रेडकाची निगा, बाळंतिणीची निगा,
पावसाआधी चाळून झाकलेल्या मातीची निगा.
एवढ्या गार हवेत, निळ्या काचेवर तो बघून
वाटलं, माझंच लुगडं कुणीतरी
इथं आणून वाळत घातलंय.

मुलाच्या फोनवर मराठीत आलं, अतिदक्षता.
त्यात मला पोलीस दिसतात,
मोर्चाच्या दिवशी चन्नम्मा चौकात उभे असतात तसे,
हातात काठी, आणि नजर कुणाकडंच नाही.
आमच्याकडं पाट्यांवर रातोरात डांबर पडतं.
ही पाटी मात्र स्वच्छ.

ह्यांचं नाव मी कधी घेत नाही.
इथं दिवसातून दहादा घ्यावं लागतं:
भरमाणी यल्लाप्पा कुंभार, खानापूर, खाट चार.
जन्मभर भट्टीचा धूर ओढला,
आता छाती हवा घेईना
म्हणून यंत्र घेतंय, ह्यांच्या बदली.

पाचला पाच मिनिटं आत सोडतात.
शिवलीला म्हणून पोरगी आहे, गोकाककडची,
तळहातावर पेनानं लिहिलेले आकडे.
दर तासाला लघवी मोजते. खरंच मोजते,
दुधासारखी, माप उजेडात धरून.
पापण्या पुरत्या मिटत नाहीत म्हणून डोळ्यांत मलम घालते,
कूस बदलते, ओठांना ओला कापूस लावते,
आणि शुद्ध नसलेल्या माणसाला मोडक्या मराठीत सांगते,
काका, सुई टोचतोय हां.
लग्नाला छत्तीस वर्षं झाली,
त्या अंगाकडं मी एवढं कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टर पाच्छापुरे म्हणाले,
आम्ही बरं करत नाही हो बाई,
थांबवून धरतो.
बरं व्हायचं ते अंगानं ठरवायचं.
तोवर कुणीतरी नजर काढायची नाही, एवढंच.

हे मला कळलं. मुलाला कळलं की नाही, ठाऊक नाही.
भट्टी पेटली की आमच्यात कुणी झोपत नाही.
विटेएवढ्या भोकातून बघायचं.
आत मडकी दिसत नाहीत, रंग दिसतो,
तांबडा, मग नारिंगी, मग पिकल्या लिंबासारखा.
हाताला काम नसतं. एखादं लाकूड, बस.
आणि जाळ विझल्यावर तर अधिक जपायचं.
थोरलीच्या लग्नाच्या घाईत एकदा
ह्यांनी दुसऱ्याच दिवशी तोंड उघडलं,
वारा शिरला,
रात्रभर टण् टण् तडकत होतं एकेक.

म्हणून काल डॉक्टर म्हणाले, नळी काढून बघू का,
तर मी विचारलं, निवलंय का पुरतं?
ते हसले नाहीत.
यंत्राकडं बघत राहिले. मग म्हणाले, उद्या.

बाकावर हुक्केरीची बाई, मुलगा खाट दोनवर.
मोटरसायकल. तिला मराठी येत नाही.
ऊटा आतेन्री, म्हणायची, आणि कडक भाकरी मोडायची.
शेंगाची चटणी माझी.
पहाटे खाट दोनचा पडदा ओढला.
तिची पिशवी अजून माझ्यापाशी आहे,
आत मुलाच्या चपला,
एकीचा अंगठा नव्यानं शिवलेला.

आज नळी निघाली.
आवाज म्हणजे नुसता वारा. कान तोंडाशी नेला.
जाळाकडं कोण बघूलंय, म्हणाले.

बघूलोय की, म्हटलं.
खाटेच्या पायथ्याशी शिवलीला पान उलटून
पाचचा आकडा लिहीत होती.
खाट दोनवर नवी चादर.